साठ हजारांत दातांचे फोटो: कॅमेरा कोणता घ्यावा?

दंतकथा
सोमवार, रात्री १०:४५

नमस्कार. बार्शीत दवाखाना टाकून सव्वादोन वर्षं झाली. एक खुर्ची, एक एक्सरे मशीन, एक मदतनीस मावशी आणि मी. या मंचावर पाककृती आणि भांडणं वाचत पडलेली असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

तर झालं असं. मागच्या महिन्यात एका बाईंच्या वरच्या पुढच्या दाताची कॅप केली. शेड गाईड (दातांच्या रंगांच्या नमुना पट्ट्या) धरून, खिडकीपाशी नेऊन, कॅप बनवणाऱ्या लॅबच्या चिठ्ठीवर ए२ हा रंग लिहिला. कॅप आली, लावून पाहिली, मला बरी वाटली. बाई हसल्या आणि सोबत आलेली जाऊ पटकन म्हणाली, "हा नवा का?" कॅप परत. दुसरी आली ती राखाडी. तिसऱ्या वेळी लॅबवाले फोनवर म्हणाले, "मॅडम, चिठ्ठीवरून दात होत नाही, फोटो पाठवा. पण मागे पाठवलात तसला हळद लावलेला नको." तो हळदीचा फोटो मी फोनने, खुर्चीच्या दिव्याखाली काढला होता.

आता कॅमेरा घ्यायचा म्हणतेय. बजेट साठ हजार, आणि त्यात सगळं आलं: बॉडी, लेन्स, फ्लॅश, आरसे, पिशवीसुद्धा. डेंटल सामानवाल्याने 'कम्प्लीट किट' दाखवलं, एक लाख सत्तर हजार. त्याचा चहा पिऊन परत आले. नवऱ्याचं म्हणणं, "चाळीस हजारांचा फोन आहे की हातात."

डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घेऊ की फोनवरच भागवू? लेन्स ६० मिमी की १०० मिमी? रिंग फ्लॅश (लेन्सभोवती गोल बसणारा) की दोन बाजूंना दोन? वापरलेलं घ्यावं का? आणि जो तो एफ २२, एफ २२ म्हणतो ते काय आहे? आमच्या कॉलेजात कॅमेरा होता, पण तो कपाटात आणि किल्ली सरांच्या खिशात.

ठाणेकर_काका
सोमवार, रात्री १०:५८

दात काढायला पक्कड लागते एवढं ऐकून होतो. कॅमेऱ्याने कसा निघतो?

शहाणी_दाढ
सोमवार, रात्री ११:०३

काका, दात काढण्याचा तिसरा अर्थही आहे, तो तुम्ही आत्ता करताय.

मॅक्रोबुवा
सोमवार, रात्री ११:५०

मी डेंटिस्ट नाही. मी किडे काढतो, तुम्ही कीड काढता. सामान मात्र दोघांचं एकच, म्हणून लिहितो.

सगळे उलट्या क्रमाने खरेदी करतात. आधी नवी कोरी बॉडी, मग उरल्या पैशांत लेन्स, मग फ्लॅशला पैसेच नाहीत. तुम्ही फ्लॅशपासून सुरुवात करा, मग लेन्स, आणि बॉडी शेवटी, तीही वापरलेली. कारण सांगतो.

इतक्या जवळून फोटो काढताना स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद होतो. पुढचा दात स्पष्ट केला की सुळा धूसर, सुळा धरला की दाढा गायब. हा पट्टा रुंद करायचा तर लेन्सचं भोक बारीक करावं लागतं. एफ २२ म्हणजे ते बारीक भोक, आकडा मोठा तितकं भोक लहान. भोक लहान म्हणजे उजेड कमी. खोलीतल्या दिव्यांनी ते भागत नाही, खुर्चीच्या दिव्यानेही नाही. म्हणून फ्लॅश. तो इतक्या कमी वेळात चमकून जातो की हात हलला, पेशंट हलला तरी फोटो हलत नाही. याच कारणाने हात स्थिर ठेवणारी महागडी लेन्स तुम्हाला नको. कॅननची डीएसएलआरवरची १०० मिमी मॅक्रो (अगदी जवळून काढायची लेन्स) दोन प्रकारची आहे, लाल पट्टीची एल आणि साधी. साधी घ्या. टॅमरॉनची ९० किंवा टोकिनाची १०० सुद्धा चालेल. फोकस हातानेच करायचा आहे, त्यामुळे मोटर आवाज करते, हळू आहे वगैरे तक्रारी तुमच्यासाठी नाहीत.

६० मिमी हलकी आणि स्वस्त, पण तिच्याने पेशंटच्या फारच जवळ जावं लागतं. रिंग फ्लॅश लावलात की तो नाकाला टेकेल. ९० ते १०० च्या दरम्यान राहा.

बॉडी कुठलीही. गेल्या दहा-बारा वर्षांतली कुठलीही डीएसएलआर दाताला पुरून उरेल. एकच खबरदारी. कॅननच्या २००डी टू सारख्या काही छोट्या बॉड्यांवर फ्लॅश बसतो त्या खाचेत मधली गोल पिनच नाही. दुसऱ्या कंपनीचा साधा फ्लॅश त्यावर उडतच नाही. विकत घ्यायच्या आधी खाचेत डोकावा, मध्ये गोल ठिपका दिसला पाहिजे. आणि वापरलेली बॉडी घेताना एफ २२ वर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून मोठा करून पाहा, सेन्सरवर (फोटो उमटतो त्या पटलावर) धूळ असेल तर लगेच कळते.

दंतकथा
मंगळवार, सकाळी ७:२०

मॅक्रोबुवा, दंडवत! पिन नसलेलीच एक बॉडी काल रात्री कार्टात टाकली होती. काढली.

शहाणी_दाढ
मंगळवार, सकाळी ९:१५

मी फोनपक्षाची. एमडीएसच्या (दातांच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. विभागात सगळे फोनवर काढतात, केस प्रेझेंटेशनला काही अडत नाही. चांगले रिट्रॅक्टर (ओठ ओढून धरणारे), दोन्ही बाजूंना छोटे एलईडी, फोन खिशातच. दीड किलोचं धूड उचलून पेशंटवर वाकायचं आणि संध्याकाळी मनगट शेकायचं, हे कशासाठी? सोय नसली की फोटो काढायचाच राहून जातो. शंभर पेशंटचे साधे फोटो हे दहा पेशंटच्या सुंदर फोटोंपेक्षा बरे.

तारजुळवी
मंगळवार, दुपारी १:४०

नाशिकला ऑर्थो (वाकडे दात सरळ करायचं काम) करते. दाढबाई, तुझ्या शेवटच्या वाक्याला माझे दोन्ही हात वर. पण फोनच्या बाबतीत एक गोष्ट राहिली.

फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, साधारण २४ ते २६ मिमीसारखी. ती तोंडापासून वीतभर अंतरावर धरली की जे जवळ ते फुगतं आणि लांबचं आक्रसतं. पुढचे दोन दात सशासारखे, दाढा पाटावरच्या तांदळाएवढ्या. माझ्याकडे एक मुलगी दुसरीकडचे 'आधीचे' फोटो घेऊन आली होती, तिचे पुढे आलेले दात त्यात जेवढे दिसत होते तेवढे कधी नव्हतेच. माझ्या कामात दीड वर्षाने तोच फोटो तेवढाच, त्याच कोनातून काढता आला नाही तर त्याला काही अर्थ नाही. फोनच वापरायचा तर मागे सरका आणि दुप्पट-तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर तिने काढा. जवळ गेल्यावर फोन स्वतःच्या मनाने रुंद लेन्सवर उडी मारतो, ते सेटिंगमधून बंद करा.

मॅक्रो लेन्सवर सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूच्या किती पट, हे प्रमाण लिहिलेलं असतं: १:१, १:२, १:३. क्रॉप (लहान) सेन्सरच्या बॉडीवर पूर्ण हसू १:३ च्या आसपास, पुढचे सहा दात १:२ च्या आसपास. लेन्स त्या आकड्यावर लावून सोडून द्यायची, कड्याला परत हात लावायचा नाही, आणि फोकस स्वतः पुढेमागे झुलून करायचा. दर वेळी माप तेच येतं. हे फोनला जमत नाही. पहिल्या आठवड्यात समोरच्या पेशंटला वाटतं डॉक्टरला चक्कर येतेय.

ठाणेकर_काका
मंगळवार, दुपारी २:०५

झुलून फोकस! डॉक्टर झुलतोय, पेशंट आ वासून बसलाय. नातेवाईकांना बाहेरच बसवा.

भिंगरी
मंगळवार, दुपारी ३:३०

माझी चूक सांगते म्हणजे दुसऱ्याचे पैसे वाचतील. 'रिंग लाईट' आणि 'रिंग फ्लॅश' या दोन वेगळ्या वस्तू आहेत!! मी ऑनलाईन दीड हजारात लेन्सच्या तोंडावर बसणारी एलईडीची रिंग घेतली. दिसायला फ्लॅशसारखीच, वर फ्लॅशच्या खाचेत बसणारा डबापण. एफ २२ वर लावला, क्लिक केलं, फोटो अमावस्या. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) वाढवत वाढवत ६४०० वर नेला तेव्हा दात दिसले, ते पोह्यासारखे रवाळ. आता ती रिंग मुलगी रांगोळीचे व्हिडिओ काढायला वापरते.

लॅबवाला
मंगळवार, रात्री ९:१०

कोल्हापुरात सतरा वर्षं सिरॅमिकवर बसतोय. ताईंची लॅब माझी नाही हे आधीच सांगतो, हळद-प्रकरण आमचं नाही. पण हळद रोज बघतो.

सगळे कॅमेऱ्यावर बोलताय. आमच्याकडे येणारे निम्मे फोटो लाखाच्या कॅमेऱ्याने काढलेले असतात आणि तरी उपयोगाचे नसतात. का? त्यात शेडची पट्टीच नसते. नुसता दात बघून मी रंग सांगू शकत नाही, कुठलाच कॅमेरा रंग जसाच्या तसा पकडत नाही. पण त्याच फोटोत ए२ ची पट्टी असेल तर माझ्याकडच्या ए२ शी ताडून मला फरक कळतो. कॅमेऱ्याने पिवळं केलं तर दोघांना पिवळं करेल. तेवढ्यावर माझं काम चालतं.

पट्टी कशी धरायची हेही सांगतो. दाताच्या खालच्या कडेला पट्टीची कड भिडवायची, दोन्ही एका पातळीत. पट्टी अर्धा सेंटीमीटर पुढे आली की तिच्यावर फ्लॅश जास्त पडतो आणि ती उजळ दिसते. पट्टीवरचा आकडा फोटोत वाचता आला पाहिजे, बोटाखाली झाकू नका. एक नको, शेजारच्या शेडची अजून एक लावा, ए२ आणि ए३.

सगळ्यात महत्त्वाचं, शेडचा फोटो अगदी आधी काढा. इंजेक्शन, रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबरी पडदा), कापूस काहीही व्हायच्या आधी. दात कोरडा पडला की पांढरा दिसायला लागतो. तुम्ही कॅपसाठी दात तासून झाल्यावर शेजारच्या वाळलेल्या दाताशी रंग जुळवता, मी तो पांढराच देतो, दुसऱ्या दिवशी शेजारचा ओला होऊन परत आपल्या रंगावर येतो आणि माझी कॅप चुन्यासारखी उभी. आणि शिव्या लॅबला.

लिपस्टिक पुसायला सांगा. भडक साडी असेल तर गळ्याला करडा किंवा पांढरा नॅपकिन बांधा. पहिल्या फोटोत करडं कार्ड धरा, त्यावरून इकडे रंगाचा तोल लावता येतो. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून निम्मं करतं.

दंतकथा
मंगळवार, रात्री ९:४०

लॅबवाले दादा, मी त्या बाईंची शेड दात तासून झाल्यावर घेतली होती. तिन्ही वेळा. 🙈

लॅबवाला
मंगळवार, रात्री ९:४४

ताई, सगळेच घेतात.

शहाणी_दाढ
मंगळवार, रात्री १०:००

म्हणजे पट्टी नीट धरली तर फोनही चालेल की! माझा मुद्दा सिद्ध. धागा बंद करा.

लॅबवाला
मंगळवार, रात्री १०:२५

अर्धा चालेल. फोन फोटो काढल्यावर स्वतः सजवतो. चेहरा दिसला की कातडी उजळ करतो, दात दिसले की कडा कोरतो. दाताच्या टोकाला जो निळसर, आरपार भाग असतो तोच मला लागतो, फोन नेमका तो पुसून टाकतो. फोनमध्ये रॉ (न सजवलेला कच्चा फोटो) काढायची सोय असेल तर त्यात काढून पाठवा, मग बोलू.

पेशंट_नंबर_१७
मंगळवार, रात्री ११:१५

खुर्चीत झोपणाऱ्यांच्या वतीने दोन शब्द. प्लास्टिकचे ते दोन आकडे घालून ओठ कानापर्यंत ताणायचे, वर आरसा कोंबायचा, वरून "रिलॅक्स" म्हणायचं. मारुतीरायासारखं तोंड करून रिलॅक्स कसं व्हायचं?

दुसरं, गंभीरपणे विचारतोय. हे फोटो जातात कुठे? माझ्या डेंटिस्टच्या स्टेटसला एकदा एक जबडा पाहिला, मला तो ओळखीचा वाटला. माझाच होता.

तारजुळवी
बुधवार, सकाळी ८:३०

१७ नंबर, रास्त प्रश्न. मी एका कागदावर चार वेगळ्या चौकटी ठेवते: उपचाराच्या नोंदीसाठी, लॅबला पाठवायला, शिकवायला, आणि समाजमाध्यमांवर. पेशंट हव्या त्यावरच खूण करतो. पहिल्या दोनवर बहुतेक जण करतात, शेवटच्यावर फार थोडे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, आणि आपल्या डेंटिस्टांच्या आचारसंहितेत जाहिरातीबद्दल वेगळं आहेच. डोळ्यांवर काळी पट्टी मारली म्हणजे ओळख लपली असं समजू नका. जावेला कॅप ओळखता येते तर जबडाही येतो.

अक्कल शिकवत नाही, पण फोन न वापरायचं मला हे सर्वात मोठं कारण वाटतं. कॅमेऱ्याचं कार्ड दवाखान्यातच राहतं.

शहाणी_दाढ
बुधवार, सकाळी ९:०५

इथे मी हरले. दिवाळीत घरच्या टीव्हीवर फोनने आपणहून 'गोव्याच्या आठवणी' लावल्या. समुद्र, समुद्र, आजी, फेणी, हिरडीची शस्त्रक्रिया, समुद्र. आजीने चकली खाली ठेवली.

रत्नागिरीकर
बुधवार, दुपारी १२:१०

वापरलेली लेन्स घेणार असाल तर ऐका. मागून बॅटरी मारून पुढून काचेत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी. ती लेन्स फुकट दिली तरी घेऊ नका, किंमत कमी करून मागू नका, घरी परत जा. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याची चप्पल हिरवी होते, लेन्सचं काय घेऊन बसलात. मी हवाबंद डबा आणि सिलिका जेल वापरतो, जेलचे खडे रंग बदलले की तव्यावर भाजून परत आत. बार्शीला त्रास कमी, पण दवाखान्यात ओलं काम, वाफेचं यंत्र जवळच असणार. कॅमेरा निर्जंतुकीकरणाच्या खोलीत ठेवू नका.

मुंबईला येणं होणार असेल तर फोर्टात बोरा बाजारात फिरा. दोन दुकानांत भाव काढा आणि तिसऱ्यात घ्या. निकॉनची बॉडी असेल तर किती क्लिक झालेत हा आकडा फोटोच्या माहितीत मिळतो, कॅननच्या बऱ्याच बॉड्यांना संगणकाला जोडून बघावा लागतो.

मॅक्रोबुवा
बुधवार, दुपारी ४:००

तारजुळवीताई, एक शंका. क्रॉप बॉडीवर एफ २२ म्हणजे जरा अतीच नाही का? इतक्या बारीक भोकातून प्रकाश पसरतो आणि सगळंच थोडं मऊ होतं. मी एफ ११ ते १६ च्या पुढे जात नाही.

तारजुळवी
बुधवार, संध्याकाळी ७:१५

तुम्हाला माशीच्या पायावरचा केस मोजायचाय, म्हणून. मला सुळ्यापासून सातव्या दाताच्या मागच्या कडेपर्यंत सगळं एका फोटोत लागतं. सगळंच किंचित मऊ चालेल, पुढचं धारदार आणि मागचं धुकं चालत नाही. पुढच्या दोन-चार दातांच्या जवळच्या फोटोला एफ १६ मीही लावते. चेहऱ्याला एफ ८.

मॅक्रोबुवा
बुधवार, संध्याकाळी ७:२२

माशीने माघार घेतली.

ठाणेकर_काका
बुधवार, रात्री ८:५०

आता खरं बोलतो. मी १९७९ ते २०१२ परळच्या बाजूला एका इस्पितळात फोटोग्राफर होतो. दात, डोळे, भाजलेले हात, जन्मतः दुभंगलेले ओठ, सगळं काढलंय.

आमच्याकडे निकॉनची मेडिकल निक्कोर होती, २०० मिमीची, १९६२ पासून ती बनायची. तिच्या तोंडातच गोल फ्लॅश बसवलेला. फोकसचं कडंच नाही! प्रमाण बदलायचं तर पुढे वेगळी काच स्क्रूने लावायची, आणि भोक किती ठेवायचं हे लेन्स स्वतः ठरवायची. फिल्मच्या कोपऱ्यात आकडाही उमटायचा. तुम्ही आज जे 'लेन्स १:२ ला लावून झुला' म्हणता, ते आमचे डॉक्टर तेव्हाच करत होते, कारण दुसरा मार्गच नव्हता. पुढे याशिकाचा डेंटल आय आला, दातवाल्यांसाठीच केलेला, लेन्स आणि रिंग फ्लॅश अंगालाच चिकटलेले. निवासी डॉक्टरांच्या हातात देण्यासारखा तो एकच कॅमेरा, कारण त्याच्यावर बिघडवण्यासारखं काहीच सुटं नव्हतं.

रोल ३६ चा. धुवून यायला चार दिवस. तोवर पेशंट गावाला. त्यामुळे क्लिक करायच्या आधी आम्ही एवढंच बघायचो: ओठ दातावर आलाय का, थुंकी शोषली का, दातांची रेघ चौकटीला समांतर आहे का. आज मागे पडदा आहे म्हणून लोक चाळीस काढतात आणि चाळीसही तिरपे.

बाई, आधी मदतनीस मावशींना शिकवा, मग कॅमेरा घ्या. आरसा त्या धरणार, हवा त्या मारणार. आमच्याकडे एक वॉर्डबॉय होता, त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दातांचे फोटो लावतच नसू.

शहाणी_दाढ
बुधवार, रात्री ८:५८

काका!!! आणि तुम्ही पक्कड विचारत होतात?

ठाणेकर_काका
बुधवार, रात्री ९:०१

पक्कड माझ्या मोठ्या भावाकडे होती. तो दातवाला.

भिंगरी
बुधवार, रात्री ९:३०

आरशावर वाफ धरते त्याचं काय करता? माझ्या निम्म्या फोटोंत ढग.

तारजुळवी
बुधवार, रात्री १०:१०

आरसा कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा, पुसून लगेच आत. शिवाय मदतनीस थ्री-वे सिरिंजने (हवा आणि पाणी मारायच्या नळीने) आरशावर फक्त हवा मारत राहते, चुकून पाण्याचं बटण दाबलं की झालं. पेशंटला नाकाने श्वास घ्यायला सांगायचं. आणि आरसा काचेच्या पुढच्या पृष्ठभागावर मुलामा दिलेला हवा, साध्या आरशात प्रत्येक दात दोनदा दिसतो, एक खरा आणि एक भूत. र्‍होडियमचा असतो तो उत्तम. मात्र खरखरीत कशानेही घासू नका, चरे पडतात, आणि ट्रेमध्ये अवजारांशी एकत्र टाकू नका.

मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) कोणी घेतला तर एक: पडद्यावर फोटोसारखाच उजेड दाखवायचं सेटिंग बंद करा. नाहीतर एफ २२ वर पडदा काळा ठिक्कर दिसतो आणि लोक कॅमेरा परत करायला निघतात. डीएसएलआरच्या भिंगातून हा त्रास नाही, क्लिक होईपर्यंत लेन्स उघडीच असते.

दंतकथा
रविवार, रात्री ८:१५ (तीन आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर आणतेय. खरेदी झाली.

मामेभाऊ बोरा बाजारात जाऊन आला. खाचेत डोकावला, लेन्समध्ये बॅटरी मारली. २४ मेगापिक्सेलची वापरलेली कॅननची बॉडी १९,०००. साधी १०० मिमी मॅक्रो, वापरलेली, २२,५००. रिंग फ्लॅश नवा, ९,५००. र्‍होडियमचा एक आणि स्टीलचे दोन आरसे, दोन मापांचे रिट्रॅक्टर, ४,२००. करडं कार्ड, चार्ज होणारे आठ सेल आणि चार्जर, मेमरी कार्ड मिळून २,३००. एकूण ५७,५००. उरलेल्या अडीच हजारांतून मावशींना साडी घेतली, काकांनी त्यांचं महत्त्व पटवलं म्हणून.

दोन बाजूंचा फ्लॅश पुढच्या दातांची ठेवण छान दाखवतो हे पटलं, पण तो दाढांपर्यंत पोचवायला हात बसावा लागतो म्हणतात. तो नंतर.

सेटिंग कागदावर लिहून खुर्चीच्या मागे चिकटवलंय: मॅन्युअल, एफ २२, शटर १/१६०, आयएसओ २००, रंगाचा तोल फ्लॅशवर, फ्लॅश अर्ध्या ताकदीवर. त्यावरून उजेड कमीजास्त फक्त फ्लॅशने करते. पहिले आठ दिवस सगळे फोटो तिरपे आले. मावशी म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही उभ्याच तिरप्या राहता." त्या आता आरसा माझ्यापेक्षा चांगला धरतात, हवेचं आणि पाण्याचं बटण त्यांनी नेलपॉलिशने वेगळं केलंय.

त्या बाईंना परत बोलावलं. काहीही करायच्या आधी, ओल्या दातांना ए२ आणि ए३ भिडवून फोटो काढला. ए२ नव्हताच! ए३ कडे झुकणारा होता, आणि टोकाला दादा म्हणाले तो निळसर पट्टा. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं. लॅबवाल्यांचं उत्तर आलं, "आता बोला." कॅप गुरुवारी येणार आहे, जाऊ सोबत येणार का विचारून ठेवलंय.

एक अडचण आहे पण. कालपासून प्रत्येक फोटोत वरच्या डाव्या सुळ्यावर बारीक काळा ठिपका. पहिल्या पेशंटला मी म्हटलं, "इथे कीड सुरू होतेय." प्रोबने टोकरून पाहिलं, काही नाही. दुसऱ्या पेशंटला त्याच सुळ्यावर ठिपका. तिसऱ्याला तो दात नाहीच, तर ठिपका ओठावर.

मॅक्रोबुवा
रविवार, रात्री ८:२१

पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला होता का घेताना?

दंतकथा
रविवार, रात्री ८:२४

...मामेभाऊ विसरला.

मॅक्रोबुवा
रविवार, रात्री ८:३०

सेन्सरवर धूळ आहे. एफ ४ ला दिसणार नाही, एफ २२ ला तीळ होऊन दिसते. बॉडी खाली तोंड करून धरा आणि रबरी फुग्याने हवा मारा. तुमची थ्री-वे सिरिंज अजिबात नको, तिच्यातून पाणी येतं!! नाही गेली तर कॅमेरावाल्याकडून साफ करून घ्या.

ठाणेकर_काका
रविवार, रात्री ८:४१

कॅमेऱ्याला कीड लागली. फिलिंग करा.

पेशंट_नंबर_१७
रविवार, रात्री ८:५५

त्या पहिल्या पेशंटला फोन करून सांगितलंत का पण?

दंतकथा
रविवार, रात्री ९:०२

आत्ता करतेय.